मेहुण्याची शेवटची भट्टी

४ ऑक्टोबर, बुधवार

वास पाच आहेत.

सकाळी, चहाच्या आधी, नाक ताजं असताना दोन्ही बुधल्यांतून दारू थोडी थोडी काढली. कोमट पाणी घालून पातळ केली, वर बशी झाकली. थोडं थांबून बशी सरकवली आणि हुंगलं. घाईनं हुंगलं तर एकच वास येतो — घाण! दमानं हुंगलं की वेगवेगळे होतात. सडकं अंडं. नखांना लावायचा रंग. जळकं. ओलं कुत्रं. आणि रबर.

रबर कुठून आलं ते हुंगायच्या आधीच ठाऊक होतं. भट्टीच्या झाकणाला त्यानं गाडीची जुनी ट्यूब कापून बसवली होती. किती वेळा सांगितलं — पिठाचा लेप लाव, मऊ मळ, बोटानं दाबत जा, वाफ लागली की आपोआप आवळतो. "दाजी, ट्यूबा माझ्याकडे पडल्यात. पीठ बायकोकडे मागावं लागतं."

हे बुधले मेहुण्याचे. हिचा धाकटा भाऊ. गाड्या दुरुस्त करायचा. गेल्या महिन्यात गॅरेजमध्येच, गाडीखालून सरकत बाहेर आला, भिंतीला टेकून बसला आणि गेला. ही भट्टी त्यानं आदल्याच आठवड्यात लावली होती. पोरीच्या लग्नासाठी. परसातल्या झाडाची सफरचंदं, पडलेली, टोचलेली, अर्धी किडकी — सगळी एकत्र. निवडणं वगैरे भानगड नाही.

लग्न अठ्ठावीसला आहे. पुढे ढकलायचं नाही असं त्याच्या बायकोनं, वहिनींनीच ठरवलं. आणि हा बाबा सगळ्या गावाला सांगून बसला होता — "माझ्या पोरीच्या लग्नात माझीच दारू! विकतची बाटली टेबलावर दिसली तर मी पानावरून उठेन!"

काल भाची गाडीत घालून बुधले घेऊन आली. "आतोबा, बाबांचीच वाढायची आहे. पण —" बूच काढून बुधला माझ्यापुढे धरला.

कळलं. अशी वाढली तर मुलाकडची माणसं पहिल्या घोटाला थुंकतील. आणि मग बाप कसा होता ते त्यावरून ठरवतील.

मी असताना त्याची दारू कोणी थुंकणार नाही. बस.

५ ऑक्टोबर, गुरुवार

हत्यारं काढली. तांब्याचा हंडा लिंबानं घासला. नळी उकळत्या पाण्यानं धुतली. तांब्याच्या तारेची जाळी नवी गुंडाळली.

कोळसा मागच्या खेपेचा होता, तो उकळून घेतला. करवंटीचा कोळसा, मीच भाजलेला, मीच चाळलेला — बाजरीच्या दाण्याएवढा, धूळ नाही. हा कोळसा वास खातो असं लोक म्हणतात. चूक! खात काही नाही. धरून ठेवतो. भरला की पुढचं धरत नाही. मग पाण्यात उकळायचा. वाफ झाली की धरलेलं सगळं सोडून देतो आणि पुन्हा रिकामा. आधी मात्र पाण्यानं खळखळून धुवायचा, दारूचा अंश राहता कामा नये, आणि खाली जाळ नको. मी विजेची शेगडी लांब वायर लावून अंगणात नेतो.

तो वास! मागच्या सगळ्या भट्ट्यांची घाण एका पातेल्यातून. ही खिडक्या लावून घेते. आजही लावल्या. शेजारचे निवृत्त मास्तर कुंपणावरून — "काय हो, काही मेलंय का तुमच्याकडे?"

मग त्यांनाच आठवलं. "म्हणजे तसं नाही," म्हणाले आणि आत गेले.

मला काही वाटलं नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, तसं झालंय महिनाभर. ओठ जागेवर आहे. पण माझा आहे की दुसऱ्याचा, ते कळत नाही.

७ ऑक्टोबर, शनिवार

वजनकाट्यांचं दुकान बंद ठेवून पहिला बुधला पुन्हा भट्टीला लावला. पाणी घालून पातळ करून, मंद आचेवर.

लोक मिशीला पीळ देऊन सांगतात, आमची पहिल्या धारेची! अरे, पहिली धार फेकायची असते. नखांचा रंग तिथेच असतो. डोकं दुखतं ते तिच्यामुळे, आणि नशीब वाईट असलं तर डोळेही जातात. मी पहिली धार वेगळ्या बाटलीत काढतो आणि तिनं काटे पुसतो. वजनकाट्याची पितळी तबकडी तिनं आरशासारखी निघते.

त्याला हे पटायचं नाही. "एवढी फेकायची? दाजी, माझा जीव जातो!" तो सगळं एकाच भांड्यात गोळा करायचा. पहिलं, मधलं, शेवटचं — आले तेवढे सगळे घरातलेच, असा त्याचा कारभार.

तांब्याच्या जाळीनं सडकं अंडं गेलं. नखांचा रंग गेला. दोन वास गेले.

हे मला कोणी शिकवलेलं नाही. पुस्तक नाही, गुरू नाही. वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस मी, तेही असंच, मोडून मोडून शिकलो. पहिल्या तीन भट्ट्या गटारात ओतल्या. चौथी तोंडात धरता आली. मेहुणा तेव्हा पहिला पाहुणा. घोट घेतला, डोळे मिटले, म्हणाला, "दाजी, तुमची दारू प्यायची म्हणजे आधी हातपाय धुवावे लागतात."

८ ऑक्टोबर, रविवार

काही नाही. झोपलो.

१० ऑक्टोबर, मंगळवार

दुसरा बुधला. शेपटाकडे, म्हणजे शेवटच्या धारेकडे, लक्ष ठेवून बसलो. मधली धार चांगली चालू असते, गोडसर, आणि मग एका थेंबाला ओला पुठ्ठा येतो. त्याच थेंबाला भांडं बदलायचं. पुढच्या थेंबाला नाही. त्याच! इथे हात आणि नाक एकदम चालावं लागतं. ओलं कुत्रं त्या शेपटात असतं.

त्याच्याकडे खरंच कुत्रं होतं. सफरचंदांच्या पोत्यांवर झोपायचं. मी म्हणालो होतो, अरे निदान ते हाकल. "झोपू दे हो. सफरचंदांना सोबत."

तिसरा गेला.

ही दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "थोडी तरी तशीच ठेवा."

"कशी?"

"आहे तशी."

"पिणार कोण ती?"

"पिण्यासाठी नाही म्हणत."

मी फळीवरची लहान बाटली दाखवली. प्रत्येक वेळी ताडून बघायला मूळची थोडी नमुना म्हणून काढून ठेवतोच मी. "ही आहे ना. नमुना."

तिनं बाटलीकडे पाहिलं. बरं म्हणाली. गेली.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

वहिनींचा फोन. "भाऊजी, मुलाकडची माणसं वाढली हो. पुरेल ना?"

पहिली धार फेकली, शेपूट फेकलं, म्हणजे घट ही येणारच. प्रत्येकाला एकेक लहान पेला, पुन्हा मागायला जागा नाही. पुरेल म्हणालो. पुरवेन.

वहिनी म्हणाल्या, "ते असते तर म्हणाले असते, पाणी घाला!" आणि हसल्या. मग फोनवर नुसता आवाज. मी थांबलो. शेवटी त्यांनीच फोन ठेवला.

१५ ऑक्टोबर, रविवार

कोळशाची पहिली फेरी. उंच काचेची नळी, खाली कापूस, वर पांढरं फडकं, मध्ये कोळसा दाबून. कोळशात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी दारू तिथून वाट काढते आणि न गाळता खाली येते. म्हणून कोळसा ओला करून भरायचा, चमच्याच्या दांड्यानं टोकरत. घाई केली की संपलं. थेंब, थेंब. दोन थेंबांच्या मध्ये एक श्वास.

सकाळी लावली, दिवे लागेपर्यंत अर्धी झाली. मी समोर खुर्चीवर. मधे मधे बोट लावून बघितलं.

रबर गेलं! साफ. जळकं अजून आहे.

जळकं कसं आलं तेही मला माहीत आहे. आंबलेला रस न गाळता, गरासकट हंड्यात ओतला त्यानं. गर तळाला बसतो आणि लागतो. मग ढवळत बसावं लागतं. हा ढवळत होता म्हणे, आणि रेडिओवर सामना चालू होता! त्याच्या प्रत्येक भट्टीत कुठला तरी सामना जळालेला असतो. गेल्या वर्षी तर अभिमानानं सांगितलं — "शेवटच्या षटकात लागली, पण जिंकलो!"

१६ ऑक्टोबर, सोमवार

सोनाराचा काटा आला होता. डावं पारडं हलकंसं उचलतं. धूळ होती, निघाली. सोनार म्हणाला, "मेहुण्याचं कळलं. फार वाईट झालं." मी हो म्हणालो आणि काटा त्याच्यापुढे सरकवला. "बघा, आता केस ठेवला तरी झुकेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. काट्याकडे नाही.

१८ ऑक्टोबर, बुधवार

दुसरी फेरी. जळकं गेलं. पाचही गेले!

संध्याकाळी पेल्यात घेऊन, बशी झाकून ठेवली. जेवलो. मग बशी सरकवली — आणि आहे! काहीतरी आहे. सहावा.

पहिल्या दिवशी हा लागला नव्हता. मोठ्या पाचांच्या खाली दडून बसला असणार. आता मैदान मोकळं झालं तसा वर आला. वाईट म्हणावा तर नाही. चांगला? तोही नाही. थोडा साबण, थोडं लोखंड, थोडं गोड. नमुन्याच्या बाटलीशी ताडून पाहिलं. तिच्यातही आहे, पण कोलाहलात हरवलेला. चार वेळा ताडलं. नमुना निम्म्यावर आला.

मला नाव सापडत नाही. मला! अत्तराच्या दुकानात बाटलीवरचं न वाचता ओळखणारा माणूस मी.

हिला पंच केलं. "हे हुंग. काय आहे सांग." तिनं पेला नाकाशी नेला. धरून ठेवला. पेला टेबलावर ठेवला आणि आतल्या खोलीत गेली.

मागून गेलो. "अगं, सांगशील की नाही? कसला आहे?"

"तुम्हाला नाही कळला?"

"कळला असता तर विचारलं असतं का?"

"मग राहू दे," म्हणाली. पदर तोंडाला.

राहू दे म्हणजे काय? उत्तर आहे का हे!

२१ ऑक्टोबर, शनिवार

तिसरी फेरी काल संपली. नवा कोळसा, अगदी बारीक चाळलेला. थेंब आणखी सावकाश.

गेला. बशी झाकून, रात्रभर ठेवून, सकाळी उघडून पाहिलं. काही म्हणजे काही नाही! काचेतून पलीकडचं घड्याळ वाचता येतं. जिभेवर ठेवली की आधी गार, मग ऊब, मग काही नाही. इतकी स्वच्छ दारू माझ्या हातून आजवर उतरलेली नाही. स्वतःच्या सफरचंदांची, स्वतः निवडून घेतलेल्यांचीसुद्धा नाही. आणि कच्चा माल काय तर कुत्र्याची गादी!

बाटल्या भरल्या. शेवटची गळ्यापर्यंत येईना. दोन बोटं कमी. सगळ्या सारख्या दिसायला हव्यात. नमुन्याची राहिलेली होती, ती आधी हंड्यात घालून उतरवली, मग तिन्ही वेळा गाळली आणि त्यात घातली. ताडून बघायचं आता काही उरलंच नव्हतं. बाटली गळ्यापर्यंत आली.

अर्धवट काम मी करत नाही.

कोळसा बादलीत ओतून ठेवला. तिन्ही फेऱ्यांचा. उकळायला आज अंगात त्राण नाही.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

भाची येऊन बाटल्या घेऊन गेली. एक बाटली उजेडात धरली. "आतोबा, ही बाबांची? खरंच?" हसत होती. "बाबांची इतकी गोरी कधी नव्हती."

२८ ऑक्टोबर, शनिवार

लग्न झालं. व्यवस्थित.

सभागृह मोठं, खुर्च्यांना पांढरे अभ्रे. दारूचे पेले वहिनींनी आधी धुऊन घ्यायला लावले होते, गरम पाण्यानं, साबण नको — मीच सांगितलं होतं. सगळ्यांना वाढून झालं तेव्हा भाची उभी राहिली. म्हणाली, "बाबा म्हणाले होते, माझ्या पोरीच्या लग्नात माझीच दारू. ही त्यांची." एवढंच. सगळे उठले.

मुलाच्या काकांनी घोट घेतला आणि भुवया वर. "वा! वाससुद्धा नाही हो! विकतची झक मारते!" त्यांच्या बाजूच्या बाई, "गळ्याला लागतच नाही." कोणी नाक मुरडलं नाही. कोणी थुंकलं नाही. दोघांनी पुन्हा मागितली, मी नाही म्हणालो.

मेहुण्याचा गॅरेजातला भागीदार कोपऱ्यात उभा. पेला एका घोटात संपवला. मग रिकाम्या पेल्यात बघत म्हणाला, "दाजी, ही त्याची?"

"त्याचीच."

"ठसका नाही लागला."

"मग बरंच की."

"हं," म्हणाला. "बरंच." आणि पेला पालथा घालून ठेवला.

भाचीनं मात्र पिण्याआधी हुंगलं. मी बघत होतो. पेला नाकाशी नेला, थांबली, पुन्हा नेला. जरा हलवून पुन्हा. काहीतरी शोधत असल्यासारखं. मग थोडी प्यायली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "छान झाली आहे, आतोबा."

छान झाली होतीच. जे करायला घेतलं ते झालं. घरी येऊन बूट काढले, जागेवर ठेवले. काही वाटलं नाही.

२९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी ही फळीजवळ उभी होती. स्टूल घेऊन, डबे पुढे सरकवून मागे बघत होती.

"ती बाटली कुठे आहे?"

"कुठली?"

"त्याची. तशी ठेवलेली."

सांगितलं. दोन बोटं कमी पडत होती वगैरे.

ओरडली असती तर बरं झालं असतं. स्टुलावरून सावकाश उतरली. "सगळी?"

"सगळी."

"तुमचा हात कुठे थांबतच नाही हो." एवढं म्हणाली. स्टूल उचलून जागेवर ठेवलं. मी ठेवतो तसं, भिंतीला समांतर.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

चहा मिळतो. जेवण मिळतं. बोलणं नाही.

वहिनींचा फोन आला, आभार मानायला. मग मधेच म्हणाल्या, "भाऊजी, त्यांचा कामावरचा शर्ट दाराच्या मागे राहिला होता. लग्नाच्या गडबडीत मी इतर कपड्यांबरोबर भिजवला. हात आपोआप चालतो हो. वाळत घालताना लक्षात आलं." आणि मग, "आता नुसता साबणाचा वास येतो."

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही.

वहिनींचा शर्ट. माझी बाटली. दोघांनी मिळून त्याला स्वच्छ करून टाकला.

२ नोव्हेंबर, गुरुवार

दुकान लवकर बंद केलं आणि गॅरेजवर गेलो. का ते मलाच सांगता येत नाही. सहावा वास हुंगायला, असं म्हणू.

भागीदारानं भिंतींना रंग काढलाय. आत शिरलं की नुसता रंग! ट्यूबा नाहीत, पोती नाहीत. कुत्रं वहिनींकडे. कोपऱ्यातलं नळाचं कुंड तेवढं जुनं, काळं. मी तिथे वाकलो. भागीदार म्हणाला, "काय हरवलं, दाजी?"

विचारलं त्याला, सफरचंदं तो कशानं ठेचायचा? लाकडी ठोकळा दिला होता मी, घासून गुळगुळीत केलेला.

"ठोकळा?" तो हसायला लागला. "तो ठोकळा गाडीच्या चाकाखाली लावायचो आम्ही! हातानं कुस्करायचा तो. गाडीखालून उठायचा, या कुंडात हातावर जरा साबण फिरवायचा आणि कोपरापर्यंत पिंपात! मी म्हणायचो, अरे, नीट धू तरी. तर म्हणायचा, भट्टीत सगळं मरतं. दाजींना सांगू नकोस फक्त, नाकानं कांदे सोलतील."

साबण. लोखंड. गोड.

परत चालत आलो. बस समोर उभी होती तरी.

हिला एका हुंगण्यात कळलं होतं. ते हात तिनं लहानपणी धुतले असतील. बोट धरून शाळेत नेलं असेल. मला भट्टीतला दोष वाटला. मी नवा कोळसा चाळला.

माझ्या खांद्यावर तो हात पडायचा — "काय काटेवाले!" — आणि मी शर्ट झटकायचो. डाग पडतात म्हणून.

४ नोव्हेंबर, शनिवार

बादली अजून तशीच आहे, अंगणात, वर पत्रा झाकलेला. मास्तर विचारत होते, "आज उकळणार का? म्हणजे आम्ही तेवढ्यात बाहेर जाऊन येतो."

पत्रा उचलून वाकलो. काही वास नाही. नसणारच. कोरडा, गार कोळसा काही सांगत नाही.

धरून ठेवतो.

हे मीच लिहिलं होतं. पानं उलटून पाहिलं. खात काही नाही, धरून ठेवतो.

५ नोव्हेंबर, रविवार

कोळसा धुतला. दारूचा अंश निघेपर्यंत, पाणी बदलून बदलून. अर्धाच पातेल्यात घेतला. अर्धा बरणीत, झाकण घट्ट — वहिनी आणि भाचीसाठी.

शेगडी अंगणातून आत आणली. ओट्यावर ठेवली. खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत फडकं सारलं. हिला हाक मारली. ती आली, पातेल्यात बघितलं आणि काही न विचारता स्टूल ओढून बसली.

पाण्याला आधण आलं. आधी रबर आलं. मग जळकं, हरलेला की जिंकलेला सामना कोण जाणे. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग साबण, लोखंड, गोड. खांद्यापाशी.

झाकणाकडे माझा हात गेला. "राहू दे," ही म्हणाली.

मला समोरचं काही दिसेना. डोळ्यांतून धारा. शेगडी विजेची आहे. धूर नसतो.